चेंडू रॅकेटवर नसताना

5 जुलै 1975. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पुरुष एकेरीचा अंतिम सामना चालू आहे आणि बाजू बदलण्याच्या विश्रांतीत आर्थर अ‍ॅश खुर्चीवर डोळे मिटून बसला आहे. त्या सामन्याच्या छायाचित्रांत हे एक हमखास असतं. त्याच्यासमोर होता जिमी कॉनर्स. वय 22, गतविजेता, अंतिम फेरीपर्यंत एकही सेट न गमावलेला. अ‍ॅश बत्तिशीला टेकलेला. याआधी दोघं तीनदा भिडले होते आणि तिन्ही वेळा कॉनर्सने बाजी मारली होती. याही वेळी अ‍ॅशचा निभाव लागणार नाही, असंच बहुतेक जाणकारांना वाटत होतं.

अ‍ॅश मुळात जोरकस खेळणारा. सर्व्हिस दणदणीत, बॅकहँड वेगवान. पण कॉनर्सला नेमकं तेच हवं असे. समोरून येणाऱ्या चेंडूचा वेग वापरून तो त्याहून वेगाने परतवायचा. दुसऱ्याच्या ताकदीवरच त्याचा खेळ पोसला जायचा. म्हणून आदल्या रात्री मित्रांबरोबर बसून अ‍ॅशने जो बेत आखला, त्यात त्याच्या स्वतःच्या लाडक्या फटक्यांना जागाच नव्हती. चेंडूचा वेग काढून घ्यायचा. कॉनर्सच्या फोरहँडला मंद, बुटका चेंडू द्यायचा, कारण वाकून उचलायच्या चेंडूवर तो फटका डगमगतो. उजव्या बाजूने सर्व्हिस करताना स्लाइस मारून चेंडू बाहेर काढायचा, म्हणजे डावखुऱ्या कॉनर्सचा दोन हातांचा बॅकहँड ताणला जाईल. तो नेटवर आला की डोक्यावरून लॉब. पहिले दोन सेट अ‍ॅशने 6-1, 6-1 असे घेतले. तिसरा कॉनर्सने 7-5 असा खेचून नेला आणि चौथ्यात 3-0 अशी आघाडीही घेतली. अशा वेळी भलेभले ठरवलेलं सोडून मूळ स्वभावावर जातात. अ‍ॅश गेला नाही. चौथा सेट 6-4, आणि विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

टेनिस सुधारायचं तर काय करावं, असं कुणी विचारलं की मला हा सामना आठवतो. तंत्र, डावपेच आणि मन अशी तीन खाती आपण पाडून ठेवली आहेत. तंत्र प्रशिक्षकाकडे, डावपेच अनुभवावर आणि मन देवाच्या भरवशावर! अ‍ॅशच्या त्या दुपारी मात्र ही तिन्ही खाती एकच होती. वेग काढून घेण्याचं कसब हातात होतं म्हणून तसा बेत आखता आला, आणि डोकं शांत होतं म्हणून तो बेत 0-3 ला तगला.

एक साधा हिशेब मांडू. चेंडू रॅकेटच्या तारांवर टेकतो तो सुमारे पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. दोन तासांच्या सामन्यात एका खेळाडूने 400 फटके मारले असं धरलं, तरी त्या सगळ्यांचा मिळून वेळ भरतो दोन सेकंद. उरलेल्या वेळात तो कुठे उभा राहतो, काय पाहतो, काय ठरवतो, श्वास कसा घेतो, यावर ते दोन सेकंद कसे जाणार हे ठरतं. टेनिस सुधारतं ते चेंडू रॅकेटवर नसताना, असं माझं ठाम मत आहे. आणि आपल्याकडचा सराव बहुतांशी त्या दोन सेकंदांचाच असतो.

पुण्यातल्या, मुंबईतल्या, नागपूर-कोल्हापुरातल्या कुठल्याही क्लबात सकाळी साडेसहाला जाऊन पाहा. मुरमाच्या कोर्टवर पाणी मारून रोलर फिरवलेला असतो, रेषा नुकत्याच आखलेल्या असतात. मार्कर टोपलीतले चेंडू एकेक करून देतो आणि समोरचे गृहस्थ फोरहँड मारतात. प्रत्येक चेंडू कमरेच्या उंचीवर येतो, ते उभे असतात तिथेच येतो. वीस मिनिटं फोरहँड, दहा मिनिटं बॅकहँड, दोन-चार व्हॉली. मग कुणीतरी म्हणतं, ‘चला, गेम लावू.’ बेसलाइनवर जाऊन चार-सहा सर्व्हिस मारल्या जातात, खांदा मोकळा झाला असं समजलं जातं आणि सामना सुरू होतो. पहिली सर्व्हिस दणकून नेटमध्ये, दुसरी कशीबशी पलीकडे ढकललेली. इतका वेळ घोटलेला फोरहँड मारायची पाळी येईपर्यंत पॉइंट संपलेला असतो. ही खेळावर जीव टाकणारी माणसं आहेत. डिसेंबरच्या थंडीत पाचला उठून येतात. त्यांची मेहनत योग्य ठिकाणी पडावी, म्हणून हा सगळा खटाटोप.

सर्व्हिसपासून सुरुवात करतो, कारण हा एकच फटका पूर्णपणे आपल्या हातात असतो. समोरच्याने काही करायच्या आधीच तो मारायचा असतो. आणि नेमका याच फटक्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे, की सर्व्हिस वरून खाली मारायची असते.

नेट मध्यभागी 91.4 सेंटीमीटर उंच. बेसलाइन नेटपासून जवळजवळ 11.9 मीटर, सर्व्हिस रेषा पलीकडे 6.4 मीटर. मध्यम उंचीचा माणूस हात आणि रॅकेट पूर्ण ताणून, टाचा उचलून चेंडू घेतो तो जमिनीपासून साधारण 2.7 मीटरवर. आता चेंडू अगदी सरळ रेषेत गेला असं धरा. नेटला न लागता आणि रेषेच्या आत पडायचा, तर नेटच्या वर त्याला जायला फट उरते जेमतेम तीन सेंटीमीटरची. उंच माणसाचं गणित मात्र वेगळं. जानेवारी 2019 मध्ये बालेवाडीत टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 2.11 मीटर उंचीचा इव्हो कार्लोविच आणि 2.03 मीटर उंचीचा केविन अँडरसन समोरासमोर आले. तिन्ही सेट टायब्रेकला गेले आणि अँडरसन जिंकला. कार्लोविचच्या उंचीच्या माणसाची सर्व्हिस सुटते ती 3.3 मीटरच्या आसपास. त्याच हिशेबाने त्याला मिळणारी फट वीस सेंटीमीटरहून जास्त भरते, आपल्या जवळजवळ आठपट. तो खाली मारू शकतो. आपण मारलं की चेंडू नेटमध्येच जाणार, मग मनगट कितीही मजबूत असो.

म्हणून आपल्याला मारायचं ते वरच्या दिशेने. नेटवरून चांगला हात-दीड हात उंच जाऊ द्यायचा आणि खाली आणायचं काम फिरकीवर आणि गुरुत्वाकर्षणावर सोपवायचं. फिरकी द्यायची तर पकड बदलावी लागते. फोरहँडच्या पकडीने सर्व्हिस केली की तारा पहिल्यापासून चेंडूकडे तोंड करून असतात. चेंडू सपाट जातो, नाहीतर ढकलला जातो. रॅकेट हातोडीसारखं धरायचं, ती काँटिनेंटल पकड. या पकडीत रॅकेट चेंडूकडे कडेने जातं आणि अगदी शेवटच्या क्षणी कोपरापासून पुढचा हात बाहेरच्या अंगाला फिरतो, तेव्हा तारा चेंडूसमोर येतात. सर्व्हिसच्या वेगातही या फिरण्याचा वाटा असतो. नवी पकड घेतलेल्या उजव्या हाताच्या माणसाचे सुरुवातीचे चेंडू सगळे डावीकडे जातात, कारण कड पुढे गेलेली असते आणि हाताचं फिरणं अजून अंगवळणी पडलेलं नसतं. इथेच बहुतेक जण ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून जुन्या पकडीकडे परततात. तिथे चिकाटी धरली पाहिजे. चेंडू डावीकडे जातो आहे, याचा अर्थ अर्धं काम झालं आहे.

टॉस हा सर्व्हिसचा निम्मा भाग आणि त्याचा वेगळा सराव जवळजवळ कुणीच करत नाही. चेंडू मुठीत आवळायचा नाही, बोटांच्या पेरांवर धरायचा. हात सरळ ठेवून खांद्यापासून उचलायचा आणि चेंडू डोळ्यांच्या पातळीवर सोडायचा. मनगट वळलं की चेंडू डोक्यामागे जातो आणि मग अख्खं शरीर त्याच्या मागे धावतं. टॉस बिघडला तर चेंडू खाली पडू द्यावा किंवा हाताने झेलावा. रॅकेट फिरवलं नाही तर नियमाप्रमाणे तो फॉल्ट धरत नाहीत. तरी क्लबातली माणसं वाकड्यातिकड्या टॉसवर रॅकेट फिरवतात, कारण सोडून दिलं तर समोरचा काय म्हणेल, याचा संकोच. तंत्राचा म्हणून जो दोष दिसतो तो पुष्कळदा असा मनातून आलेला असतो.

दुसऱ्या सर्व्हिसचंही तेच. डबल फॉल्टच्या भीतीने हात मंदावतो, फिरकी नाहीशी होते आणि फिरकी नाहीशी झाली की चेंडूला आत खेचणारं काही उरत नाही. दुसरी सर्व्हिस करताना रॅकेटचा वेग कमी करायचा नसतो. तो वेग पुढे ढकलण्याऐवजी वर घासण्यात खर्च करायचा असतो. ऐकायला हे उफराटं वाटतं. टोपलीभर चेंडू घेऊन आठवड्यातून दोनदा फक्त दुसरी सर्व्हिस मारली, की हात त्यावर विश्वास ठेवायला लागतो.

ऑस्ट्रेलियन विश्लेषक क्रेग ओशॅनेसी यांनी ग्रँड स्लॅम स्पर्धांतले आकडे तपासून दाखवून दिलं की सुमारे 70 टक्के पॉइंट पहिल्या चार फटक्यांच्या आत संपतात. सर्व्हिस, रिटर्न आणि दोघांचा पुढचा एकेक फटका, बस्स. नऊ किंवा त्याहून अधिक फटक्यांच्या रॅली साधारण दहा टक्के. पुढे नोव्हाक जोकोविचने याच ओशॅनेसींची मदत घेतली. आपल्याकडचे होतकरू खेळाडू मात्र अर्धा-अर्धा तास क्रॉसकोर्ट रॅली घोटत असतात. रॅलीचा सराव नको असं नाही. पाय, दम आणि लय त्यातूनच तयार होतात. पण रिटर्नचा वेगळा सराव करणारा मुलगा मला क्वचित दिसतो.

रिटर्न सुधारतो तो पायांपासून. समोरच्याचं रॅकेट चेंडूला लागण्याच्या बेतात असताना दोन्ही पायांवर एक छोटीशी उडी घ्यायची आणि चेंडूची दिशा कळता कळता जमिनीवर यायचं. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. पाय टेकतात तेव्हा गुडघे वाकलेले असतात आणि स्नायू ताणलेले, त्यामुळे पुढचं पाऊल कुठल्याही दिशेला चटकन पडतं. टाचांवर उभा असलेला माणूस आधी शरीराचा भार पुढे आणणार आणि मग हलणार. तेवढ्यात चेंडू निघून गेलेला असतो. मग तो म्हणतो, माझा बॅकहँड कच्चा आहे. बॅकहँड ठीकच असतो, तो फक्त उशिरा पोचलेला असतो.

कुठे मारायचं याची भूमिती थोडक्यात सांगता येते. नेट खांबांपाशी 1.07 मीटर उंच आहे, मध्यभागी 15 सेंटीमीटरनी बुटकं. एकेरी कोर्टचा कर्ण 25.15 मीटर, सरळ लांबी 23.77. म्हणजे क्रॉसकोर्ट मारताना नेट बुटकं मिळतं आणि कोर्ट जवळजवळ दीड मीटर लांब. शिवाय चेंडू ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवणं सोपं असतं. दिशा बदलायला गेलं की रॅकेटच्या कोनातली बारीकशी चूकही रेषेबाहेर नेते. अडचणीत असाल तर क्रॉसकोर्ट, आणि पाय आत टाकायला मिळाला तरच रेषेलगत. हे अनेकांना तोंडपाठ असतं. 30-40 ला ते आठवत नाही, अडचण तिथे आहे.

तंत्र, डावपेच आणि मन एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे पाहायला 29 जानेवारी 2017 चा मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना फार मोलाचा आहे. रॉजर फेडरर विरुद्ध राफेल नदाल. तेव्हापर्यंत दोघांच्या 34 लढती झाल्या होत्या आणि 23 नदालने जिंकल्या होत्या. ग्रँड स्लॅममध्ये फेडररने त्याला शेवटचं हरवलं ते 2007 च्या विम्बल्डनला. फेडरर हरायचा कसा, ते सगळ्या जगाला ठाऊक होतं. नदाल डावखुरा. त्याचा फोरहँड क्रॉसकोर्ट आला की थेट फेडररच्या एकहाती बॅकहँडवर पडायचा, आणि साधा पडायचा नाही. जॉन यांडेल यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रीकरणात नदालच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सरासरी 3200 फेरे इतकी भरली होती. आधीच्या पिढीतल्या सॅम्प्रस-आगासींची दोन हजारांच्या आत होती. असा चेंडू टप्पा पडून खांद्याच्याही वर उसळतो. एकहाती बॅकहँडला त्या उंचीवर जोर लावता येत नाही. फेडरर मागे सरकायचा, स्लाइस करायचा, चेंडू आखूड पडायचा आणि नदाल त्यावर तुटून पडायचा. दहा वर्षं हेच चित्र.

2017 मध्ये काय बदललं? 2014 मध्ये फेडररने 90 चौरस इंचांचं जुनं रॅकेट सोडून 97 चं घेतलं होतं. मोठ्या तोंडामुळे चेंडू जरा बाजूला लागला तरी फटका फसत नाही. 2016 मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि विम्बल्डननंतर सहा महिने तो खेळलाच नाही. त्या रिकाम्या काळात नव्या रॅकेटवर हात बसवायला निवांत वेळ मिळाला. सोबतीला प्रशिक्षक इव्हान ल्युबिचिच, जो स्वतः उत्तम एकहाती बॅकहँडवाला. मेलबर्नला फेडरर बेसलाइनला चिकटून उभा राहिला. नदालचा चेंडू उसळून खांद्यावर येण्याआधीच, वर चढत असतानाच त्याने तो घ्यायला सुरुवात केली. सर्व्हिस परतवतानाही नुसता अडवण्याऐवजी बॅकहँड मोकळा सोडून मारला. म्हणजे बदल मुळात पावलांचा आणि वेळेचा होता. चेंडू रॅकेटला लागायच्या आधी फेडरर कुठे उभा आहे, इथेच तो घडला होता.

तरीही पाचव्या सेटमध्ये तो 1-3 असा मागे पडला. सहा महिने न खेळलेला, पस्तिशीचा माणूस, समोर नदाल. अशा वेळी तो जुन्या स्लाइसवर गेला असता तर कुणी दोष दिला नसता. तो गेला नाही. सामन्यानंतर त्याने सांगितलं त्याचा आशय असा, की त्याने स्वतःला मोकळेपणाने खेळायला बजावलं होतं. समोर कोण आहे ते पाहायचं नाही, चेंडू खेळायचा. त्याने ओळीने पाच गेम घेतले. 4-3 वर नदालच्या सर्व्हिसवर 0-40 झालं, नदालने तिन्ही ब्रेकपॉइंट वाचवून ड्यूस केला. नंतर 26 फटक्यांची एक रॅली झाली, ती फेडररने रेषेलगतच्या फोरहँडने संपवली. 6-4, 3-6, 6-1, 3-6, 6-3. त्याच्या नावावर 73 विनर होते आणि 57 अनफोर्स्ड एररही. चुका होणारच हे धरून मारल्याशिवाय असे आकडे येत नाहीत.

या फेडररनेच 2024 मध्ये डार्टमथच्या पदवीदान समारंभात एक हिशेब सांगितला होता. कारकिर्दीत तो एकेरीचे 1,526 सामने खेळला आणि त्यांतले जवळजवळ 80 टक्के जिंकला, पण त्याने जिंकलेले पॉइंट होते फक्त 54 टक्के. आपल्या मुलाचा प्रत्येक चुकलेला चेंडू कुंपणाबाहेरून मोजणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा असं मला कळकळीने वाटतं. जगातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू जवळजवळ प्रत्येक दुसरा पॉइंट हरत होता. बारा वर्षांच्या पोराने एक फोरहँड बाहेर मारला की बापाचा चेहरा उतरतो, पोराला तो दिसतो आणि पुढचा फोरहँड ते ढकलतं.

हरलेल्या पॉइंटनंतर काय करायचं, याचा मात्र सराव करता येतो. अमेरिकन क्रीडामानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी अव्वल आणि साधारण खेळाडूंचं निरीक्षण केलं, तेव्हा पॉइंट चालू असतानाच्या वागण्यात त्यांना फारसा फरक सापडेना. तो सापडला दोन पॉइंटच्या मधल्या वेळेत. नियमाने तिथे 25 सेकंद मिळतात. त्या वेळेचे त्यांनी चार टप्पे पाडले. आधी शरीराची ठेवण सावरायची: पाठ वळवून, खांदे ताठ ठेवून, रॅकेट दुसऱ्या हातात घेऊन चालायचं. मग शरीर सैल सोडायचं, श्वास सावकाश बाहेर टाकायचा. मग पुढचा पॉइंट कसा खेळायचा ते ठरवायचं. आणि शेवटी आपली ठरलेली सवय, चेंडू ठरावीक वेळा टप्पे घालून मारणं वगैरे, जिच्यात विचार थांबतो. यातली रॅकेट दुसऱ्या हातात घेण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण करून पाहा. चिडल्यावर माणूस रॅकेटची मूठ आवळून धरतो, ताण मनगटातून खांद्यात चढतो आणि पुढची सर्व्हिस त्याच आवळलेल्या हाताने होते. हात मोकळा सोडला की निदान ती साखळी तुटते. क्रम मात्र पाळायला हवा. श्वास जागेवर येण्याआधी डावपेच ठरवायला बसलं तर त्यात निम्मा राग असतो.

2019 चा विम्बल्डनचा अंतिम सामना या मधल्या वेळेत जिंकला गेला, असं मी मानतो. फेडररने 218 पॉइंट घेतले, जोकोविचने 204. पाचव्या सेटमध्ये 8-7, 40-15 वर फेडररच्या हातात दोन मॅच पॉइंट होते, तेही स्वतःच्या सर्व्हिसवर. आणि सामना जोकोविचने जिंकला: 7-6, 1-6, 7-6, 4-6, 13-12. तिन्ही टायब्रेक त्याचे, आणि त्या तिन्हींत मिळून त्याची एकही अनफोर्स्ड एरर नाही. टायब्रेकमध्ये त्याने काही अचाट केलं नाही. नेटवरून सुरक्षित उंचीने, खोल, मधल्या पट्ट्यात चेंडू परत पाठवत राहिला आणि घाई समोरच्याला करू दिली. सगळं स्टेडियम फेडररच्या नावाचा गजर करत होतं, तेव्हा तो आपल्याच नावाचा आहे असं मनाला पटवत होतो, असं त्याने नंतर सांगितलं. याला मनाचं बळ म्हणून हात जोडणं सोपं आहे. त्याने वर्षानुवर्षं श्वासावर आणि एकाग्रतेवर केलेलं काम त्यामागे आहे, आणि ते काम कुणालाही सुरू करता येतं.

आपल्याकडे चाळिशीनंतर बहुतेक जण दुहेरीच खेळतात, त्यामुळे रोहन बोपण्णाबद्दल लिहायलाच हवं. मूळचा कोडगूचा, पण उमेदीच्या काळात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे घडलेला. 27 जानेवारी 2024 रोजी मॅथ्यू एब्डनच्या साथीने त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. अंतिम सामन्यात सिमोने बोलेली आणि आंद्रेआ वावास्सोरी या इटालियन जोडीला 7-6, 7-5 असं हरवलं. तेव्हा तो 43 वर्षांचा होता. दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्यांदाच अव्वल स्थानी पोचला तोही त्याच आठवड्यात. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती आणि तो वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळत होता. 2021 मध्ये पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही, तेव्हा आता थांबतो असा निरोप त्याने बायकोला पाठवला होता. त्याला तारलं, असं तो स्वतः सांगतो, ते करोनाकाळात सुरू केलेल्या अय्यंगार योगाने. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात घडवलेली ही पद्धत. दोर, पट्टे, ठोकळे, खुर्ची यांच्या आधाराने शरीर नेमक्या स्थितीत दीर्घ काळ ठेवायचं. गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की कूर्चेवरचा भार हलका होतो. आणि वाकलेल्या गुडघ्यांवर मन न चळता टिकून राहणं म्हणजेच तर बुटकी व्हॉली. पाठीतून वाकणारा माणूस रॅकेटचं तोंड वर करतो आणि चेंडू समोरच्याला आयता देतो.

दुहेरीत कुठल्याही क्षणी चौघांतला एकच चेंडू मारत असतो, बाकीचे तिघं चेंडूविना खेळत असतात. हे तिघं कसे खेळतात यावरच दुहेरी ठरते. व्यावसायिक जोड्यांत नेटवरचा खेळाडू पाठीमागे बोटांनी खूण करतो: सर्व्हिस कुठे पडणार, मी आडवा धावणार की जागेवर राहणार. समोरच्याचं रॅकेट पुढे येऊ लागलं की तो निघतो. क्लबातल्या दुहेरीत नेटवरचा भिडू मागे वळून आपल्याच जोडीदाराची सर्व्हिस पाहत असतो. तो मान पुढे करेपर्यंत रिटर्न त्याच्या शेजारून गेलेला असतो. एवढी एक सवय मोडली तरी जोडी सुधारते. नजर सरळ रिटर्न करणाऱ्याच्या रॅकेटवर ठेवायची आणि गेममध्ये निदान एकदा तरी आडवं धावायचं. चेंडू मिळाला नाही तरी चालेल, पुढच्या वेळी समोरचा बिचकतो.

30 सप्टेंबर 2023 ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने याच बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट 2-6 असा गेला होता. दुसरा 6-3 ने घेतला आणि मग दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक 10-4 असा मारला. त्या टायब्रेकमध्ये सावरायला गेम मिळत नाही की सेट मिळत नाही, प्रत्येक पॉइंटनंतर मिळतात फक्त ते थोडे सेकंद.

आता सरावाचं. तासाभराचं कोर्ट मिळालं, तर माझ्या मते त्याची वाटणी अशी असावी. पहिली दहा मिनिटं सर्व्हिस रेषेच्या आतच हलके हलके चेंडू खेळायचे आणि समोरच्याच्या प्रत्येक फटक्यावर स्प्लिट स्टेप घ्यायची. चेंडू कसाही जावो, उडी चुकवायची नाही. त्यानंतरची वीस मिनिटं एकाने सर्व्हिस करायची आणि दुसऱ्याने रिटर्न, चौथ्या फटक्याला थांबायचं, मग पाळी बदलायची. पंधरा मिनिटं क्रॉसकोर्ट, सर्व्हिस रेषेच्या पलीकडे पडलेला चेंडूच चांगला धरायचा. उरलेल्या पंधरा मिनिटांत टायब्रेक खेळायचे, आणि सर्व्हिस एकच मिळणार, दुसरी नाही. दोन पॉइंटमध्ये रॅकेट दुसऱ्या हातात गेलं नाही तर तो पॉइंट समोरच्याचा. हरणाऱ्याने कोर्टवर जाळी फिरवून मुरूम सारखा करून द्यायचा. पणाला काहीतरी लागलं की 5-5 वर हात जड होतो, आणि हात जड झालेला असताना टॉस कसा टाकायचा हे त्या पंधरा मिनिटांतच शिकायचं आहे.